लहान मुलांसह युरोपची उन्हाळी सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना घेऊन जून ते ऑगस्टमध्ये युरोपला जाणाऱ्या पालकांचे नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एका गोष्टीचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मूल किती वर्षांचं झालं की युरोपला नेणं बरं?

कोणत्याही वयात नेता येतं, फक्त सहलीचं स्वरूप बदलतं. रांगायला न लागलेलं बाळ अंगाला बांधून हिंडता येतं आणि ते बहुतेक वेळ झोपतं. सगळ्यांत अवघड काळ दीड ते तीन वर्षांचा. तेव्हा मुलाला बाबागाडीत बसायचं नसतं आणि फार चालताही येत नाही. या वयात एकाच गावात राहून रोज थोडं फिरण्याची सहल आखा. चार-पाच वर्षांपासून मूल रेल्वे, होड्या, किल्ले यांत रमतं. सात-आठ वर्षांचं मूल नकाशा हातात घेऊन तुम्हाला वाट दाखवतं. ‘त्याला पुढे आठवेल का?’ या प्रश्नावर सहल अडवून ठेवू नका. ते आठवडे तुम्ही सगळे एकत्र काढता, हे कारण पुरेसं आहे.

२. जून, जुलै की ऑगस्ट?

मुलं शाळेत जात नसतील किंवा सुट्टी जुळत असेल, तर जून. दिवस सर्वांत मोठे असतात आणि फ्रान्स, जर्मनीतल्या बहुतेक शाळा अजून चालू असल्यामुळे गर्दी कमी असते. फ्रान्समध्ये सुट्ट्या जुलैच्या सुरुवातीला लागतात. जर्मनीत त्या राज्यागणिक वेगळ्या असतात. बव्हेरियाची सुट्टी तर ऑगस्ट उजाडताना सुरू होते. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास लोक समुद्राकडे धावतात. किनारे तुडुंब भरतात आणि शहरांतली छोटी दुकानं, खानावळी बंद असतात. ऑगस्टच मिळत असेल तर उत्तरेकडे किंवा डोंगरात जा (प्रश्न १० पाहा).

३. दोन आठवड्यांत किती देश होतील?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते. देश मोजू नका, मुक्काम मोजा. दोन आठवड्यांत दोन मुक्काम, फार तर तीन. आणि कुठेही चार रात्रींपेक्षा कमी नको.

कारण हिशेबात आहे. पॅरिस ते ॲमस्टरडॅम रेल्वेनं सव्वातीन ते साडेतीन तास लागतात, म्हणून तो अर्ध्या दिवसाचा प्रवास वाटतो. प्रत्यक्षात सकाळी सामान आवरायचं, दहा-अकरापर्यंत खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, प्रवास करायचा आणि नव्या शहरात पत्ता शोधायचा. तिथे खोली बहुधा दुपारी तीन-चारपर्यंत ताब्यात मिळत नाही. दुपारची झोप बुडालेली असते, भूक वेळेवर भागलेली नसते. म्हणजे संपूर्ण दिवस गेला, आणि नव्या जागेत पहिली रात्र मूल धड झोपत नाही, म्हणून दुसरा दिवसही अर्धाच हाती लागतो. पाच शहरं ठरवलीत तर सहलीचे चार दिवस केवळ सामान हलवण्यात जातात.

उलट एका जागी पाच रात्री राहिलात, तर तिसऱ्या दिवसापासून मुलाला कोपऱ्यावरची बेकरी कळते, बागेतला घसरगुंडीचा रस्ता कळतो आणि ते निवांत होतं. मूल निवांत झालं की तुम्हालाही शहर दिसायला लागतं. एवढ्या लांब जाऊन दोनच जागा पाहायच्या, हे पचायला जड जातं, मला माहीत आहे. तरी या एका बाबतीत तडजोड करू नका, असंच मी प्रत्येकाला कळवते.

४. मग नमुन्यादाखल एखादी आखणी सांगाल का?

एक शहर आणि एक पाणी किंवा डोंगर, ही जोडी मुलांना मानवते. जाताना एका विमानतळावर उतरा आणि परतताना दुसऱ्यावरून निघा, म्हणजे मागे फिरण्याचा दिवस वाचतो.

पहिला नमुना: व्हिएन्नात पाच रात्री. तिथली प्राणिबाग १७५२ सालची, जगातली सर्वांत जुनी, शोनब्रुन राजवाड्याच्या आवारातच आहे. म्हणजे मोठ्यांचा राजवाडा आणि मुलांचे पांडा एकाच चकरेत होतात. तिथून अडीच तासांवर साल्झबुर्ग. तिथे किंवा जवळच्या तळ्याकाठच्या गावात पाच रात्री. हेलब्रुन राजवाड्यातली कारंजी पाहुण्यांना अचानक भिजवतात, त्यामुळे कपड्यांचा जादा जोड न्या. मग पावणेदोन तासांवर म्युनिक, शेवटच्या चार रात्री. तिथल्या डॉइचेस म्युझियममध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खास विभाग आहे. परतीचं विमान म्युनिकहून.

दुसरा नमुना: पॅरिसमध्ये सहा रात्री, मग थेट रेल्वेनं पावणेचार तासांत ॲनसी हे तळ्याकाठचं गाव. तळ्याकाठी सात-आठ रात्री राहा आणि तासा-दीड तासावरच्या जिनिव्हाहून परत या.

तिसरा, अगदी लहान मुलांसाठी: संपूर्ण सहल डेन्मार्क किंवा नेदरलँड्समध्ये. अंतरं थोडी, जमीन सपाट. कोपनहेगनमध्ये १८४३ पासून चालू असलेली टिव्होली बाग शहराच्या मध्यावर, मुख्य स्टेशनच्या समोर आहे. नेदरलँड्समध्ये एफ्टेलिंग हे परीकथांचं उद्यान आहे. झाडीतल्या पायवाटा आणि बोलणारी झाडं छोट्यांना फार आवडतात.

५. रोजचा कार्यक्रम किती भरगच्च ठेवावा?

दिवसाला एक ठरवलेली गोष्ट, तीही सकाळी. दुपारी खोलीवर येऊन झोप. संध्याकाळी बाग. हे कमी वाटेल, पण जूनमध्ये उजेड रात्री नऊ-दहापर्यंत असतो, त्यामुळे संध्याकाळच पाच तासांची होते.

संग्रहालयात तास-सव्वा तास पुष्कळ झाला. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात गेलात तर इजिप्तच्या ममी आणि किल्ल्याच्या जुन्या भिंती पाहून बाहेर पडा. ते मंगळवारी बंद असतं, हे आधी बघा. मोनालिसापुढची गर्दी तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून म्हणजे नुसते पाय. आई-बाबांपैकी एकाला चित्रं सावकाश बघायची असतील तर दुसऱ्यानं मुलांना घेऊन लक्झेंबर्ग बागेत जावं. तिथल्या तळ्यात काठीनं ढकलायच्या शिडाच्या होड्या भाड्यानं मिळतात. दुसऱ्या दिवशी पाळी बदला.

६. हॉटेल घ्यावं की अपार्टमेंट?

चार रात्री किंवा जास्त असतील तर अपार्टमेंट. कपडे धुण्याचं मशीन, छोटा फ्रिज आणि बंद होणारं झोपण्याच्या खोलीचं दार या तीन गोष्टींनी सहल तरते. दार नसेल तर मूल झोपल्यावर तुम्हाला अंधारात गप्प बसावं लागतं. जुन्या शहरांत पाच मजली इमारतींना लिफ्ट नसते आणि तिथला पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, हे लक्षात ठेवून विचारा. बुकिंग करताना मुलांची वयं खरी टाका. युरोपातल्या बऱ्याच खोल्या दोघांच्याच असतात आणि चौथ्या माणसाला दारात अडवू शकतात.

अजून दोन पर्याय लोकांच्या ध्यानात येत नाहीत. जर्मनीतली युथ होस्टेल कुटुंबांना स्वतंत्र खोल्या देतात आणि अंगणात खेळायला भरपूर जागा असते. ऑस्ट्रिया, इटलीत शेतघरी राहता येतं: गाई, कोंबड्या, गवत. दोन दिवस काहीही ‘बघायला’ न जाता मुलं तिथे खूश असतात.

७. रेल्वे की भाड्याची गाडी?

शहरांदरम्यान रेल्वे. मूल उठून चालू शकतं, शौचालय जवळ असतं, आणि आई-बाबा दोघेही मोकळे असतात. जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाड्यांत लहान मुलांसाठी वेगळा कप्पा असतो, तो आरक्षण करतानाच मागा. स्वित्झर्लंडच्या काही दुमजली गाड्यांत वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी आहे. ऑस्ट्रियाच्या रेलजेटमध्ये मुलांना कार्टून बघायला छोटा पडदा असतो.

टस्कनीतली खेडी, पोर्तुगालचा किनारा, स्कॉटलंडचे डोंगर अशा ठिकाणी गाडी हवीच. ती शहर सोडताना घ्या, शहरात शिरताना नको. इटलीतल्या जुन्या गावांत ‘झेडटीएल’ नावाचा मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड घरपोच येतो. मुलांच्या सीटसाठी प्रश्न १५.

८. मुलांना तिकीट लागतं का?

देशागणिक वेगळं आहे, आणि इथे पैसे बरेच वाचतात.

जर्मनीत सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. ६ ते १४ वर्षांची मुलं पालकांबरोबर फुकट, पण त्यांची नोंद तुमच्या तिकिटावर करावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये सहाखालची फुकट. स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी फॅमिली कार्ड मोफत मिळतं; मात्र ते मागून घ्यावं लागतं. युरेल पासवर (अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा पास) एका मोठ्याबरोबर ४ ते ११ वर्षांची दोन मुलं फुकट, त्यांचा वेगळा पास काढायचा असतो. फुकट असलं तरी जागा आपोआप मिळत नाही. फ्रान्सच्या टीजीव्हीसारख्या वेगवान गाडीत आरक्षण करा, नाहीतर मूल चार तास मांडीवर.

लूव्हर आणि रोमचं कोलोसियम दोन्हीकडे १८ वर्षांखाली प्रवेश फुकट आहे. कोलोसियमला मुलाचं शून्य किमतीचं तिकीटही वेळेसकट आधी काढावं लागतं. तुमचं तिकीट आहे, मुलाचं नाही, म्हणून दारात अडलेली कुटुंबं रोज दिसतात.

९. बाबागाडी न्यावी की मूल उचलून घ्यावं?

दोन्ही. हलकी, एका हातानं मिटणारी गाडी आणि एक बेबी कॅरिअर. चार वर्षांचं मूल घरी बाबागाडीत बसत नसलं तरी तिथे ती लागेल, कारण दिवसाला सात-आठ किलोमीटर सहज चालणं होतं. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्टेशनांत जिनेच जिने आहेत. १४ नंबरच्या लाइनवर सगळीकडे लिफ्ट आहे, बाकी ठिकाणी बस घ्या. व्हिएन्ना, झुरिच, कोपनहेगन बाबागाडीसाठी सोपी. व्हेनिसमध्ये मात्र दर वळणावर पायऱ्यांचा पूल, तिथे कॅरिअरच कामाचं.

१०. उन्हाचा त्रास होईल का?

दक्षिणेत नक्की होतो. स्पेनमधल्या सेव्हिल, कोर्दोबा इथे जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या आसपास असतं आणि उष्णतेच्या लाटेत चाळिशी पार करतं. त्याहून मोठी अडचण घरांची. उत्तर आणि मध्य युरोपातल्या बऱ्याच घरांत आणि लहान हॉटेलांत एसी नसतो, कारण पूर्वी लागतच नव्हता. पॅरिसमध्ये वरच्या मजल्यावरची पत्र्याखालची खोली लाटेच्या दिवसांत झोपू देत नाही. म्हणून बुकिंगच्या आधी ‘एसी आहे का’ असं स्पष्ट विचारा. पंखा आहे असं उत्तर आलं तर एसी नाही असं समजा.

दिवसा खिडक्या आणि बाहेरची झडपं बंद, रात्री उघडी. तिथली माणसंही हेच करतात. रोममध्ये रस्त्यांवरच्या नळांना अखंड थंड, पिण्याजोगं पाणी येतं, तिथे बाटल्या भरा. इतरत्र कारंज्यावर ‘नॉन पोताबिले’, ‘नॉन पोताब्ल’ किंवा ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

११. रात्री दहापर्यंत उजेड असतो. मुलं झोपतात कशी?

जूनअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. कोपनहेगनमध्येही तसंच, आणि तिथे पहाटे साडेचारला पुन्हा उजाडतं. जर्मनी, फ्रान्स, इटलीत खिडक्यांना बाहेरून झडपं असतात, ती ओढली की मिट्ट काळोख होतो. उत्तरेकडे पांढरे पातळ पडदे असतात. चोखणीनं काचेला चिकटणारा प्रवासी पडदा न्या, किंवा काळं कापड आणि चिकटपट्टी.

पूर्वेकडून येणारी मुलं पहिले तीन-चार दिवस पहाटेच जागी होतात. भांडू नका. सहाला बाहेर पडा. व्हेनिसचा रिकामा सेंट मार्क चौक किंवा रोमचा रिकामा ट्रेव्ही कारंजा फक्त याच कुटुंबांना दिसतो.

१२. जेवणाच्या वेळा कशा जमवायच्या?

इटलीत खानावळी साडेसातच्या आधी क्वचित उघडतात, स्पेनमध्ये साडेआठ-नऊ होतात. म्हणून मुख्य जेवण दुपारी बाहेर करा. स्पेनमध्ये दुपारचं ठरावीक थाळीसारखं जेवण स्वस्त असतं. संध्याकाळी खोलीवर पास्ता, अंडी, फळं, ब्रेड-चीज. मूल दोन आठवडे फक्त ब्रेड, दही आणि चेरी खाऊन राहिलं तरी काही बिघडत नाही. विमानतळाच्या तपासणीत १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला आणि खाण्याला लागू नाही. ते वेगळं काढून दाखवा.

जर्मनी, ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारी दूध आणि डायपर आणून ठेवा. अगदी अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी सापडतात.

१३. मूल आजारी पडलं तर?

११२ हा आणीबाणीचा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात फुकट चालतो. साध्या तापा-सर्दीसाठी हिरव्या क्रॉसची (जर्मनी, ऑस्ट्रियात लाल ‘ए’ची) पाटी असलेलं औषधांचं दुकान गाठा. फ्रान्स आणि जर्मनीत पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही. रात्री किंवा रविवारी कुठलं दुकान उघडं आहे ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. मुलाचं नेहमीचं औषध, त्याच्या मूळ नावासह डॉक्टरांची चिठ्ठी आणि ताप मोजायचं यंत्र हातातल्या पिशवीत ठेवा.

ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी, स्वित्झर्लंडच्या गवताळ आणि जंगली भागांत गोचिडी असतात. त्यांच्यामुळे लाइम रोग आणि एक प्रकारचा मेंदूज्वर होऊ शकतो. मेंदूज्वरावर लस आहे, पण ती अनेक मात्रांची असल्यामुळे डॉक्टरांना काही महिने आधी विचारा. फिरून आल्यावर मुलाचे गुडघ्यामागचे, कानामागचे, जांघेतले भाग रोज तपासा.

१४. शेंगेन व्हिसात मुलांसाठी काय वेगळं असतं?

शेंगेन म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्यासाठी तान्ह्या बाळाचाही स्वतंत्र अर्ज लागतो आणि त्यावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांना ४५, सहाखालच्यांना नाही. व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, प्रत्येकाचा. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करा; रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतराल तिकडे. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. लंडन जोडलं तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा आणि कागदांचा वेगळा गठ्ठा लागेल, म्हणून पहिल्या सहलीत ते टाळा.

एकच पालक, किंवा आजी-आजोबा मुलांना नेत असतील तर न येणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला लागतो. आई आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल, तर दोघं बरोबर असतानाही दाखल्याची प्रत जवळ ठेवा.

१५. गाडीत आणि टॅक्सीत मुलाची सीट सक्तीची आहे का?

गाडीत हो. देशागणिक १३५ किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत सक्ती आहे. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना ती लागते. सीटवर आर ४४ किंवा आर १२९ या युरोपीय मान्यतेचं लेबल हवं. ते नसलेली, दुसरीकडे घेतलेली सीट तिथे चालत नाही. भाड्याच्या गाडीबरोबर सीट घेत असाल तर मुलाचं वजन आणि उंची लेखी कळवा, आणि मिळाल्यावर ती नीट बसते का हे निघण्याआधी स्वतः तपासा. टॅक्सीचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. नियम सूट देत असला तरी मी सीट आधी सांगून मागवावी असंच म्हणेन, विशेषतः विमानतळावरून येताना महामार्ग असतो तेव्हा.

१६. बाळाला घेऊन युंगफ्राऊयोखला जावं का?

स्वित्झर्लंडच्या आल्प्समधलं ते रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. हवा विरळ, चढाई जलद, आणि बाळाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. तान्ह्या बाळांना आणि सर्दी-कान दुखणाऱ्या मुलांना मी नेणार नाही. मोठ्या मुलांबाबतही आधी डॉक्टरांना विचारा. बर्फाचे डोंगर दिसायला एवढं उंच जावं लागत नाही. ल्युसर्नजवळ १,७९८ मीटरच्या रिगीवर १८७१ पासून दातेरी रुळांची रेल्वे जाते. वरून चौफेर आल्प्स दिसतात आणि मुलांना गाडीचंच अप्रूप वाटतं.

१७. पोहण्याच्या तलावात मुलाला आत सोडलं नाही, असं का झालं?

फ्रान्सच्या सार्वजनिक तलावांत सैल, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या स्वच्छतेच्या कारणानं चालत नाहीत, अंगाला घट्ट बसणारी लागते. टोपीही बहुधा सक्तीची असते, इटलीतही. दोन्ही वस्तू सामानात टाका. तळ्यांवर आणि समुद्रावर असा नियम नसतो.

१८. सहलीतच मूल दोन वर्षांचं होणार आहे. विमानाचं तिकीट कसं काढायचं?

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं आणि भाडं थोडं लागतं. परतीच्या दिवशी ते दोन वर्षांचं झालेलं असेल तर त्या प्रवासाला स्वतःची सीट लागते. काही कंपन्या अशा वेळी जाता-येता दोन्हीकडे सीट घ्यायला लावतात. वेबसाइटवर हे नीट नोंदवता येत नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वी फोन करा आणि उत्तर ईमेलवर मागवा. भिंतीसमोरचा पाळणा मोजक्याच जागांना असतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.